भुताला काम सांगणारी काकी

खोली दाखवताना काकीनं मला पहिली माहिती दिली ती विहिरीची नव्हे, भुताची.

"मागल्या शेवग्याव एक हाय," ती म्हणाली. "पन तरास नाय त्याचा. शेंगा पाडून देतो. मला आकडी घेयाला लागत नाय."

मी नाशकाकडची, नुकतीच शाळेत नोकरीला लागलेली. बोईसरला उतरून, एसटीतून धूळ खात तारापूरच्या बाजूला पोचले होते. हातात लोखंडी ट्रंक होती म्हणून पळता आलं नाही, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती. वर बघायचं धाडस झालं नाही. खाली बघितलं तर शेवग्याच्या शेंगा खरंच पडलेल्या होत्या. काकीनं त्या उचलल्या, झाडाकडे बघून एकदा मान हलवली आणि संध्याकाळच्या आमटीत घातल्या. मी ती आमटी चाटूनपुसून खाल्ली. भुकेपुढं भीती ती काय!

ती सगळ्या आळीची काकी होती. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. उंच, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दात मिश्रीनं काळे, आणि कमरेवर कायम एक टोपली. टोपलीत कधी बोंबील, कधी सोललेली कोलंबी, कधी नुसतं गुंतलेलं जाळं. नवरा तरणाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. मी पहिल्या दिवशी तिला "तुम्ही" म्हटलं तर ती भडकली. "तुमी काय म्हनतेस? मी काय मामलेदार हाय?" दुसऱ्या दिवसापासून मी तिला अगं-तूगं करू लागले, आणि तिनं मला "मास्तरीन" हे नाव कायमचं चिकटवलं.

रिकामे हात तिला बघवत नसत. पोस्टमन पत्र घेऊन आला की त्याला विहिरीतून एक कळशी ओढून द्यावी लागे. मग पत्र. एकदा शाळा तपासायला आलेले साहेब माझ्याकडे चहाला आले. ओटीवर टेकतात न टेकतात तोच काकीनं त्यांच्या हातात दोराचं टोक दिलं. "बसलाच हाय तर धरा जरा." साहेब टोक धरून मला शिक्षणाचं महत्त्व सांगत राहिले आणि काकी दुसऱ्या टोकाला पीळ घालत राहिली. मी लाजेनं अर्धी झाले. पण साहेब जाताना म्हणाले, "लहानपणी आमच्या आजोळी असा दोर वळत असत," आणि शेराही चांगला दिला.

माणसांना जो न्याय, तोच भुतांना. आमच्या आळीत भुतांची वाण नव्हती. खाडीच्या तोंडाशी गिऱ्हा होता, तो पाण्यात पाय धरून ओढायचा. सुरूच्या बनात चकवा होता, तो चांगल्या शहाण्या माणसाला एकाच झाडाभोवती फिरवत ठेवायचा. शिवाय दर्यानं नेलेली आणि परत न दिलेली माणसं होतीच. ती कधी कुणाच्या अंगात येतील याचा नेम नसे. आळीतले लोक वल्हं जसं खरं मानत तशी ही भुतंही खरी मानत. काकीही मानायची. तिचं भांडण भुतांच्या असण्याशी नव्हतं, त्यांच्या रिकाम्या बसण्याशी होतं.

"भूत म्हंजे काय गो मास्तरीन?" ती बोंबील निवडता निवडता सांगायची. "न बोलवता आलेला पावना. पावना रिकामा बसला का खोड्या करतो. त्याला काम सांगायचा. एक तर करील, नायतर पळील. दोनी बाजूनं आपलाच फायदा."

याची प्रचीती मी स्वतः घेतली. एका रविवारी दुपारी मी जेवून आडवी झाले होते. डोळे उघडे, कोपऱ्यातली ट्रंक दिसतेय, बाहेर काकीच्या कोंबड्या बोलताहेत, आणि छातीवर कोणीतरी बसलंय! हात हलेना, ओरडता येईना. नंतर रडतरडत काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "छातीव बसली? बसूदे. पाय चेप म्हनायचा." पुढच्या रविवारी तीच दुपार, तीच ट्रंक, तोच भार. जीव मुठीत धरून मी मनातल्या मनात म्हटलं, "आलीच आहेस तर पाय चेप." भार गेला. परत आला नाही. शाळेत उभं राहून माझी डावी पोटरी सारखी दुखायची, तीही त्या दिवसापासून थांबली, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढं किनाऱ्याला मोठं बांधकाम निघालं आणि बाहेरून कामगार आले, तेव्हा काकीची कीर्ती हिंदीतही पसरली. रस्त्याच्या कडेच्या चिंचेखाली काही कामगार राहत. एकदा त्यांच्यातला एक धिप्पाड गडी कापतकापत ओटीवर आला. "माई, पेड़ पर चुड़ैल है। हँसती है।"

"हसता हाय?" काकीनं विचारलं. तिची हिंदी तिनं स्वतः बनवलेली होती. "तो उसको बोलो, हसती क्या हाय, चिंचा पाड!"

तो गडी खुळ्यासारखा बघत राहिला. पण भ्यालेला माणूस काहीही करतो, तसं त्यानं जाऊन झाडाकडे बघून ते वाक्य म्हटलं. त्या आठवड्यात वारा सुटला होता की काय देव जाणे, पण चिंचा पडल्या. कामगारांनी त्यातली टोपलीभर काकीला आणून दिली. हसणं थांबलं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "हँसती तो है दीदी, पर अब काम करते-करते हँसती है।"

हे सगळं आठवताना मला हसू येतं. पण हिराची गोष्ट आठवते तेव्हा हसू जरा उशिरा येतं.

हिरा आमच्या दोन घरं पलीकडे राहायची. वीस-बावीसची पोर. तिचा नवरा दामू मासेमारीला गेला आणि दर्यातून परत आला नाही. होडीवर त्याचा धाकटा भाऊ काशा बरोबर होता, तो तेवढा आला. हिरा तेव्हा पोटुशी होती. मुलगी झाली. घरात आता ती, तान्ही पोर आणि दीर काशा अशी तिघंच. काशा त्या दिवसापासून मुका झाल्यासारखा. ना दर्यात जाई, ना घरात काही करी. वहिनीकडे मान वर करून बघत नसे. पोरीला तर त्यानं हातही लावला नव्हता.

त्या वर्षी पावसाळा संपला तरी मासळी लागेना. जाळी ओढली की नुसता चिखल नि शेवाळ. त्यात आळीतल्या दोन मुलांचा ताप उतरेना. वाईट दिवस आले की लोकांना कारण पाहिजे असतं, आणि कारणाला तोंड असलं की बरं वाटतं. कुजबुज सुरू झाली. हिनं नवऱ्याला गिळलं, आता आळीला गिळणार. हिरा विहिरीवर आली की बायका कळशा उचलून बाजूला होऊ लागल्या. भुताळी, म्हणजे चेटूक करणारी बाई, हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. ज्या बाईला तो एकदा चिकटला ती मेल्याशिवाय सुटत नाही, असं लोक सांगत, आणि सांगताना आवाज खाली घेत.

मग अमावास्येच्या दिवशी, भर दुपारी, देवीच्या देवळापुढं काशाच्या अंगात आलं.

मी शाळेतून येत होते. गर्दी बघून थांबले. काशा मांडी घालून घुमत होता, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघत होता तो काशाचा नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगेन. दामूला मी ओळखत होते. बोलताबोलता खाकरायची आणि डाव्या कानाची पाळी चोळायची त्याला सवय होती. काशा तसाच खाकरत होता, तशीच पाळी चोळत होता.

"मी दामू!" तो ओरडला. "हिनं मला खाल्ला! ही ऱ्हायली तर एकेक होडी खाईल! हिला काढा!" आणि त्याचं बोट हिराकडे.

हिरा पोरीला छातीशी धरून उभी होती. तिचे आईबाप कधीच वारले होते, माहेरचं दार बंद. काढली तर ती जाणार कुठं? पाटील वाईट माणूस नव्हता, पण तोही घाबरलेला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "दिवस मावळायच्या आत आळी सोड बाय." गर्दीत कुणीतरी वाकलं. मग आणखी दोघं. उभे राहिले तेव्हा तिघांच्याही हातांत दगड होते.

मी धावत घरी आले. काकी ओटीवर टोपली भरत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आणि ती उठली तशी घाबरून तिचा पदरच धरला. "काकी, तू यात पडू नकोस. उद्या तुझ्यावर येईल."

तिनं पदर सोडवून घेतला. "माज्या आयशीला असाच काढला," ती म्हणाली. "मी कडेव व्हती, हिच्या पोरीएवडी. तवा कोनी भुताला काम सांगला नाय." इतकी वर्षं मी तिच्या घरात राहिले, पण आईबद्दल ती बोलली ती एवढंच. मग टोपली कमरेला लावून चालू लागली. मी मागं. नाशकाला परत जाणारी एसटी किती वाजता असते याचा विचार माझ्या मनात चालू होता, पण पाय तिच्या मागंच पडत होते.

गर्दीनं तिला वाट दिली. लोकांना वाटलं आता ही भांडणार. काकी थेट काशापुढं बसली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोन, दामू?"

"हां! दामू!"

"आलास? बरा झाला रे पोरा. कवाची वाट बघताव. जेवलास?"

घुमणारा काशा एक क्षण घुटमळला. भुताला जेवलास का असं कोणी विचारत नसावं. "हिला काढा!" तो पुन्हा गरजला.

"काढू, काढू. घर तुजा, बायको तुजी, तू बोलशील तसा." काकी पाटलाकडे वळली. "पाटील, अंगात जो येतो, तो आपला नाव सांगतो. नाव सांगला का त्या नावाचा मान देयाचा. रीत हाय का नाय?"

"हाय," पाटील म्हणाला. ती रीत खरीच होती. देवी आली तर खणानारळाचा मान, खवीस आला तर कोंबड्याचा. ज्याचं जे असेल ते दिल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं धरत नसत.

"मंग घरधनी आलाय. घरधन्याचा मान घरात, देवळात नाय. चल दामू, ऊठ. तू गेल्यापासून छपराचा झाप कोनी बदलला नाय. पाऊस सगला घरात पडला. तुजी पोर ओलीत निजली."

"हिला काढा आदी!"

"आदी काम, मंग काढू. घरधनी हायस ना? का दुसराच कोन हायस?" काकीचा आवाज एकदम चढला. "दुसरा असशील तर आता सांग. दामूचा नाव लावून त्याच्या बायकोला काढनारा तू कोन?"

सगळी आळी काशाकडे बघायला लागली. पाटीलसुद्धा. भुतापुढं दोनच वाटा होत्या, कामाला लागायचं नाहीतर आपण दामू नाही हे कबूल करायचं, आणि दोन्ही काकीच्या फायद्याच्या होत्या. काशा उठला.

पुढचं जे झालं ते बघायला शेजारच्या चिंचणीपर्यंतची माणसं जमली असती, पण तेवढा वेळ नव्हता. भूत छपरावर चढलं. काकी खालून ताडाचे झाप वर देत होती. "हां, तिथं. अजून घट्ट बांध. तुजा बाप असा बांधायचा का?" मधूनच ते गुरगुरायचं, "हिला काढा!" की काकी म्हणायची, "हां हां, काढू, तो कोपरा ऱ्हायला." छप्पर झालं. मग रांजण भरला. मग लाकडं फोडली. गुरगुर कमी होत गेली. खाकरणं थांबलं. काशाच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. ज्यांनी दगड उचलले होते ते तिघं अजून ते हातात धरून उभे होते, पण आता नुसते विसरल्यामुळं.

शेवटी काकीनं हिराच्या हातातून पोर घेतली आणि काशाच्या मांडीवर ठेवली. हिराच्या तोंडून किंकाळी फुटली. मी डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

"पोर तुजी," काकी हलकेच म्हणाली. "तू गेलास तवा पोटात व्हती. तोंड तरी बघ."

पोरीनं वर बघितलं आणि काशाचं नाक मुठीत धरलं. तो दगडासारखा बसून राहिला. मग त्यानं मान वर केली, हिराकडे बघितलं, आणि अगदी बारीक, कोरड्या आवाजात म्हणाला, "वयनी, पानी दे."

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बायकोला वयनी कोन म्हनतो गो?" तिनं सगळ्या आळीला विचारलं. "गेला तुमचा दामू! कामाला कटालला नि गेला!"

पहिल्यांदा पाटलाची म्हातारी आई हसली. मग बायका. हिरानं तांब्या भरून आणला. "घ्या भावजी," ती म्हणाली. काशा पाणी प्यायला नाही. तांब्या तसाच धरून तो ढसाढसा रडायला लागला. "दादाचा हात माज्या हातातना सुटला वयनी. मी सोडला नाय. सुटला." त्या घरात दामू गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यासाठी मोठ्यानं रडलं असेल. मग हिरा रडली. पोर मात्र काशाच्या मांडीवर मजेत होती.

काकीचं लक्ष तेवढ्यात त्या तिघांकडे गेलं. त्यांनी दगड पाठीमागं लपवले.

"लपवता काय? आनलेच हायत तर मांडा इथं अंगनात. हिराला चूल नाय पानी तापवायला."

तिघांनी निमूट तीन दगड मांडले. काकीनं हंडा चढवला, जाळ घातला. हिराच्या जिवावर उठलेल्या त्या दगडांवर संध्याकाळी पोरीच्या अंघोळीचं पाणी तापलं. मला अजून आठवतं, मी त्या जाळाकडे बघत उभी होते. कुणीतरी लढाई जिंकून आलं की वाजतगाजत नेतात. आमच्या काकीनं लढाई जिंकली आणि लगेच बोंबील उलटायला गेली.

त्या दिवशी मी तिला विचारलं, "खरं सांग काकी, तो खरंच दामू होता का?"

तिनं माझ्याकडे ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. "नसता तर छप्पर कोनी शिवला? काशाला झाप बांधता कुठं येतो?"

मुलांचे ताप यथावकाश उतरले, मासळीही यथावकाश लागली. भुताळी हा शब्द आमच्या आळीत परत ऐकू आला नाही. कुणाच्या अंगात येण्याचं प्रमाणही बरंच घटलं. आलं की काकी टोपली घेऊन यायची, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली पालघरला झाली, आणि एका उन्हाळ्यात काकी गेल्याचा निरोप आला. दहाव्याला मी पोचले तेव्हा किनाऱ्यावर पिंड ठेवलेला होता. पिंडाचा भात हिराच्या अंगणातल्या त्याच चुलीवर शिजला होता, ते तीन दगड आता काळे कुळकुळीत झाले होते. कावळे सुरूच्या झाडावर बसलेले, आणि एकही खाली येईना. पाटील हात जोडून म्हणाला, "काकी, तुजा घर कोनी मोडनार नाय." कावळे ढिम्म. काशा म्हणाला, "तुज्या कोंबड्या मी सांबालीन." नाही. मी रडतरडत म्हटलं, "काकी, तुला विसरणार नाही." कावळ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ऊन चढलं. लोक अस्वस्थ झाले. इच्छा राहिली की माणूस अडकतं, आणि अडकलेलं माणूस काय करतं हे त्या आळीला चांगलं माहीत होतं.

मग गर्दीतून हिरा पुढं झाली. कमरेवर टोपली, पदर खोचलेला. ज्या आळीतून तिला एकदा दिवस मावळायच्या आत जायला सांगितलं होतं, तिथं आता तिला वाट द्यायला पाटीलही बाजूला सरला. ती सुरूच्या झाडाकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून मोठ्यानं ओरडली:

"काकी! बोंबील वालत टाकलेत नि राकायला कोनी नाय! रिकामी काय बसलीस? ये!"

एक कावळा सुटला तो थेट पिंडावर.

दहाव्याला इतकी माणसं इतकी हसलेली मी कुठं पाहिली नाहीत. पाटील डोळे पुसत हसत होता. काशाच्या खांद्यावर बसलेली पोर टाळ्या पिटत होती. हिरानं एकदा कावळ्याकडे बघून मान हलवली, अगदी काकीनं शेवग्याकडे बघून हलवली होती तशी. मग ती आमच्याकडे वळली.

"झाला ना? मंग उभी काय ऱ्हायलाव सगली? कोन रिकाम्या हातानं जायाचा नाय."

पाटलानं मुकाट्यानं पाण्याचा हंडा उचलला. माझ्या हातात तिनं टोपली दिली, आणि मी ती कमरेला लावून तिच्या मागं चालू लागले.